सोवळे झालेले प्लास्टिक

काचेचा गिलास बादलीतल्या पाण्यात विसळून त्यात पुन्हा चहा भरण्याची जी वहिवाट आपल्याकडच्या टपऱ्यांवर वर्षानुवर्षे चालत आली होती, ती 2020 च्या उन्हाळ्यात अवघ्या काही आठवड्यांत मोडली. आणि ती मोडली तेव्हा कोणालाही वाईट वाटले नाही, उलट हायसेच वाटले. त्या गिलासाला आपल्याआधी कोणाचा ओठ लागला, तो माणूस कुठून आला होता, त्याला ताप होता की नव्हता, हे कळण्यास काहीच मार्ग नव्हता. आणि ज्या बादलीत तो विसळला जाई त्या बादलीतील पाण्याविषयी तर न बोललेलेच बरे. गिलासाच्या जागी एकदा ओठाला लावून फेकून द्यावयाचा कप आला. भाजीवाल्याने गिऱ्हाइकाच्या कापडी थैलीकडे संशयाने पाहून स्वतःची पन्नी पुढे केली (पांढुर्णा-सौंसरच्या मुलखात प्लास्टिकच्या पिशवीला पन्नीच म्हणतात), खाणावळींनी ताटे मांडणे बंद करून पार्सले बांधावयास आरंभ केला, आणि मोजक्या पाहुण्यांच्या लग्नांतूनही पितळी भांडी बाजूला पडून थर्माकोलची ताटे आणि पाण्याच्या सीलबंद बाटल्या आल्या.

यातला चमत्कारिक भाग असा, की त्या वेळी प्लास्टिक हा एक शिक्षा झालेला आरोपी होता. मध्य प्रदेश सरकारने मे 2017 मध्ये प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी घातली होती. शेजारच्या महाराष्ट्राने 23 मार्च 2018 रोजी अधिक व्यापक बंदीची अधिसूचना काढून पहिल्या गुन्ह्यास पाच हजार, दुसऱ्यास दहा हजार आणि तिसऱ्यास पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिन्यांचा कारावास अशी चढती शिक्षा मुक्रर केली होती. महासाथ आली आणि या आरोपीची बेड्यांतून सुटका तर झालीच, परंतु त्याला सोवळे नेसवून देवघरापर्यंत नेण्यात आले. ज्याला कोणाचा हात लागलेला नाही ते शुद्ध, ही जी आपली फार जुनी समजूत, तिने प्लास्टिकला आपल्या पंखाखाली घेतले. पूर्वी ओवळ्या हाताची भीती होती, आता विषाणूची होती. पाकिटाचे सील तुटलेले नाही एवढ्याच पुराव्यावर आतली वस्तू निर्मळ ठरू लागली. साथ ओसरली तरी हा सोवळेपणा ओसरला नाही, हे या लेखाचे मुख्य म्हणणे आहे. आणि ते तपासण्यासाठी पांढुर्णा-सौंसरचा मुलूख घेण्यास तशीच कारणे आहेत.

हा मुलूख नकाशावर मध्य प्रदेशात आहे आणि बोलण्याचालण्यात विदर्भात. देवगडच्या गोंड राजांकडून तो नागपूरकर भोसल्यांकडे आला, भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजी मध्यप्रांतात गेला, आणि 1956 साली राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भाचे आठ मराठी जिल्हे तत्कालीन मुंबई राज्यात गेले तेव्हा मराठीभाषक सौंसरचा भाग छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मागे राहिला. पुढे ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीच्या दप्तरात हिंदी, आणि मोठा बाजार, मोठा दवाखाना व सोयरसंबंध नागपूरकडे, अशी येथील रीत. त्यामुळे एकाच रस्त्यावर दोन राज्यांचे दोन कायदे लागू असण्याचे कौतुक येथील लोकांना नाही. महाराष्ट्रातल्या सावनेरच्या बाजूला जी पन्नी गुन्हा होती ती सौंसरच्या बाजूलाही गुन्हाच होती, दोहोंकडे ती सारखीच उघड मिळत होती, आणि दोहोंकडे तपासणीची मोहीम निघाली की दुकानाच्या पुढच्या फळीवरून मागच्या कोठीत जात होती. पळसाला पाने तीनच. एरवी जिची कोणाला जाणीवही नसे ती ही सरहद्द साथीच्या काळात मात्र एकाएकी खरी झाली. नाकेबंदी झाली, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी होऊ लागली, आणि नागपूरकडून उत्तरेकडे पायी निघालेल्या मजुरांचे तांडे हमरस्त्याने जाऊ लागले. रस्त्याकाठच्या गावांनी त्यांच्या हाती जे अन्न दिले ते पन्नीत बांधलेले होते, आणि त्या पन्नीबद्दल जो नाक मुरडील त्याला माझ्या मते माणूस म्हणू नये.

परंतु विज्ञान त्या वेळी काय सांगत होते ते पाहण्यासारखे आहे. 17 मार्च 2020 रोजी, म्हणजे आपल्याकडे टाळेबंदी जाहीर होण्याच्या सातच दिवस आधी, अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत निरनिराळ्या पृष्ठभागांवर हा विषाणू किती काळ तग धरतो, हे त्यात तपासले होते. तांब्यावर चार तासांनंतर तो जिवंत आढळला नाही, पुठ्ठ्यावर चोवीस तासांनंतर आढळला नाही, आणि प्लास्टिक व स्टेनलेस स्टील यांवर मात्र तो बहात्तर तासांपर्यंत सापडला. अर्थात ज्या वस्तूला आपण शुद्ध मानून जवळ केले तिच्यावरच शत्रू सर्वांत अधिक काळ मुक्काम करीत होता. यावरून आपल्या आजीचा तांब्याचा गडू विषाणुशास्त्र जाणत होता असा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरावा; तसले निष्कर्ष त्या वर्षी मोबाइलवरून गावोगाव पुष्कळच फिरले. खरा मुद्दा वेगळाच होता. या विषाणूच्या भोवती स्निग्ध पदार्थाचे एक पातळ आवरण असते आणि साध्या साबणाने ते विरघळून विषाणूचे तुकडे होतात. म्हणजे साबण आणि पाणी यांनी घासलेला गिलास हा न घासलेल्या नव्या कपापेक्षा कोणत्याही अर्थाने कमी सुरक्षित नव्हता. जून 2020 मध्ये निरनिराळ्या देशांतील शंभराहून अधिक शास्त्रज्ञ व वैद्यांनी आपल्या सह्यांनिशी नेमके हेच सांगितले, की धुऊन पुन्हा वापरावयाच्या वस्तू साथीतही निर्धोक आहेत. ते पत्रक आपल्या बाजारपेठांपर्यंत कसे पोहोचणार? पोहोचली ती भीती.

आणि तरीही आरंभीच्या दिवसांत सरकारने धुण्याची वाट दाखविली होती, हे विसरता कामा नये. एप्रिल 2020 च्या पहिल्याच आठवड्यात केंद्रीय आरोग्य खात्याने घरी शिवलेल्या कापडी मुखपट्टीची शिफारस केली आणि ती साबणाने व कोमट पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावी, असे सांगितले. त्याच महिन्यात मध्य प्रदेश सरकारने जीवन शक्ती योजना काढली. शहरांतील स्त्रियांनी घरी सुती मुखपट्ट्या शिवावयाच्या आणि प्रत्येक मुखपट्टीमागे अकरा रुपये त्यांच्या खात्यावर जमा व्हावयाचे, असा तो बंदोबस्त होता. कापूस हे ज्या भागातले मुख्य नगदी पीक आहे, तेथे सुती कापडाची, घरी शिवलेली, धुऊन वाळवून पुन्हा बांधता येणारी मुखपट्टी ही किती सरळ गोष्ट होती! पण काही महिन्यांतच निळ्या रंगाची, एकदा वापरून टाकावयाची मुखपट्टी स्वस्त झाली आणि सुती मुखपट्टी गरिबीची खूण ठरू लागली. येथे न्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे. ती निळी मुखपट्टी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकच्या अतिसूक्ष्म तंतूंची न विणलेली चादर असते. मधल्या थरातील तंतूंवर विद्युतभार असल्यामुळे सूक्ष्म कण तिला चिकटतात, आणि रुग्णाशेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेला सुती फडक्याने जे संरक्षण कदापि मिळाले नसते ते तिने दिले. रुग्णालयात प्लास्टिकने माणसे वाचविली. भारतात 2020 च्या आरंभी संरक्षक पोशाख जवळजवळ तयारच होत नव्हते आणि मे महिन्यात ते दररोज सुमारे साडेचार लाख तयार होऊ लागले, ही सामान्य कामगिरी नव्हे. तक्रार त्या पोशाखाविरुद्ध नाही. बाजारातून कोथिंबीर आणण्यासाठी रुग्णालयाचा नियम लावण्याविरुद्ध आहे.

या काळातील कचऱ्याचे आकडे मोठे आहेत. जून 2020 ते मे 2021 या सुमारे वर्षभरात भारतात करोनासंबंधित जैववैद्यकीय कचरा 45 हजार टनांहून अधिक निघाला, अशी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोंद आहे. 2021 अखेर प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 193 देशांचा विचार करून महासाथीने जगभरात सुमारे 84 लाख टन अधिकचा प्लास्टिक कचरा निर्माण केला आणि त्यापैकी पंचवीस हजार टनांहून अधिक समुद्रात गेला, असा अंदाज बांधला होता. त्यातला फार मोठा भाग रुग्णालयांचा होता, घरोघरच्या मुखपट्ट्यांचा वाटा त्या मानाने थोडा. घरच्या मुखपट्टीसाठीही मंडळाचा नियम होता, की ती कापून, कागदी पिशवीत बहात्तर तास ठेवून मग सुक्या कचऱ्यात द्यावी. असे करणारे एकही घर माझ्या पाहण्यात नाही. पण हा कचरा साथीबरोबर आला तसा साथीबरोबर आटला. मागे राहिली ती सवय, आणि सवयीचे वजन कोणत्याही मंडळाच्या काट्यावर होत नाही.

चहाच्या कपाचेच पाहा. लोकांना तो कागदाचा वाटतो आणि कागद म्हणजे निरुपद्रवी, असे आपण धरून चालतो. परंतु नुसत्या कागदात कढत चहा ओतला तर तो घोटभरात लगदा होईल. तो होत नाही याचे कारण आतल्या बाजूला पॉलिथीनचा एक अत्यंत पातळ थर चिकटविलेला असतो. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी 2020 मध्ये दाखविले, की अशा कपात शंभर मिलिलिटर गरम द्रव पंधरा मिनिटे राहिला तर त्यात प्लास्टिकचे सुमारे पंचवीस हजार सूक्ष्म कण उतरतात. ज्याने विषाणूच्या भयाने काचेचा गिलास नाकारला त्याने दिवसाकाठी तीन कपांतून हे प्राशन केले. शिवाय कागद आणि पॉलिथीन एकजीव चिकटलेले असल्यामुळे हा कप कबाडीही घेत नाही. कागदवाल्याला तो प्लास्टिक आणि प्लास्टिकवाल्याला तो कागद. 1 जुलै 2022 पासून देशभर ज्या एकवापरी वस्तूंवर बंदी आली, त्यांत प्लास्टिकचे कप, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ, सजावटीचे थर्माकोल, मिठाईच्या डब्यावरची पारदर्शक पन्नी इत्यादींचा समावेश आहे. कागदी कप त्या यादीत नाही, आणि बाजार यादीतल्या रिकाम्या जागा फार लवकर वाचतो.

कायद्यातील मायक्रॉनची भाषा सामान्य माणसाला कोड्यासारखी वाटते, म्हणून ती थोडी उलगडली पाहिजे. 2016 च्या नियमांनी कॅरीबॅगची किमान जाडी पन्नास मायक्रॉन ठरविली. सप्टेंबर 2021 अखेर ती पंचाहत्तर झाली आणि 31 डिसेंबर 2022 पासून एकशेवीस. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्लास्टिक कमी करावयाचे तर पिशवी जाड करण्याची सक्ती कशासाठी, हा प्रश्न साहजिक आहे, आणि त्याचे उत्तर कबाड्याच्या तराजूत आहे. भाजीची लहान, वीस मायक्रॉनची पन्नी जेमतेम दोन ग्रॅम भरते. किलोभर वजनासाठी अशा सुमारे पाचशे पन्न्या उकिरड्यावरून, गटारातून, काटेरी बाभळीवरून वेचून, झटकून गोळा कराव्या लागतील, आणि एवढी मजुरी त्या किलोत सुटत नाही. म्हणून पाण्याची बाटली रस्त्यावर फार काळ राहत नाही, कोणीतरी उचलतो. पन्नी मात्र वर्षानुवर्षे पडून राहते. जाड पिशवीला वजन असते, वजनाला भाव असतो, आणि दुकानदाराला ती फुकट देणे परवडत नाही. नियमामागचा विचार शहाणपणाचा आहे. त्याची अंमलबजावणी करताना मात्र पन्नीचा पुरवठा ज्या ठोक बाजारातून होतो तिकडे न फिरकता, हातगाडीवरच्या भाजीवाल्याचा पंचनामा करून मोहीम फत्ते झाल्याचे जे जाहीर करतात, त्यांच्याबद्दल आदर बाळगणे कठीण आहे.

आतापर्यंत सांगितले ते कोणत्याही गावाला लागू पडेल. पांढुर्णा-सौंसरची खरी कहाणी बाजारात नाही, बगीच्यात आहे. हा नागपुरी संत्र्याचा प्रदेश. संत्र्याचे झाड येथे दोनदा फुलविता येते. जानेवारी-फेब्रुवारीत फुलून दिवाळीच्या आगेमागे येणारा तो आंबिया बहार, आणि पावसाच्या आरंभी फुलून पुढच्या फाल्गुन-चैत्रात उतरणारा तो मृग बहार. मार्च 2020 च्या टाळेबंदीने मृगाच्या शेवटच्या तोडणीला गाठले, एवढे सांगितले म्हणजे बगीचेवाल्यांवर काय प्रसंग गुदरला ते कळेल. या झाडाच्या आयुष्यात आज प्लास्टिक जन्मापासून आहे. रोपवाटिकेत कलम काळ्या पॉलिथीनच्या पिशवीत वाढते आणि लावणीच्या दिवशी ती पिशवी फाडून बांधावर फेकली जाते. मग ठिबकच्या नळ्या येतात, काही ठिकाणी मल्चिंग पेपर येतो. खत विणलेल्या प्लास्टिकच्या चुंगडीतून येते, औषध बाटल्यांतून येते, आणि बाटलीच्या तळाशी राहिलेले ते विष ओढ्याकाठी विसळले जाते. पूर्वी संत्रा बुरुडांनी विणलेल्या टोपल्यांतून आणि तणस घातलेल्या लाकडी पेट्यांतून परमुलखी जाई. आता तो प्लास्टिकच्या कॅरेटांतून मंडीत येतो.

परंतु या सर्वांना एकाच मापाने मोजणे हा अविचार होईल. कॅरेट शेकडो फेऱ्या करते. त्यातला माल टोपलीपेक्षा कमी दबतो, ते धुता येते, आणि फुटल्यावर कबाडी पैसे देऊन नेतो. ठिबकची नळी नीट राखली तर सात-आठ वर्षे पाणी देते आणि ज्या भागात उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात तेथे तिने बगीचे जगविले आहेत. जे शहरवासी प्लास्टिकमुक्तीच्या व्याख्यानात ठिबकलाही दोष देतात त्यांनी एक उन्हाळा संत्र्याच्या झाडाला बादलीने पाणी घालून पाहावे. वस्तू कशाची आहे यापेक्षा ती किती वेळ काम करते आणि काम संपल्यावर किती वेळ पडून राहते, हे दोन काळ शेजारी ठेवून पाहिले म्हणजे पुष्कळ उलगडा होतो. नळीने आठ वर्षे सेवा केली. चहाच्या कपाने पाच मिनिटे, भाजीच्या पन्नीने मंडईपासून घरापर्यंतचा रस्ता. पडून राहण्याच्या काळात मात्र तिघांत फारसा फरक नाही.

आणि ही पन्नी पडते कोठे? शहरात ती कचरागाडीत पडते, आणि कचरागाडीच्या त्या सुप्रसिद्ध गाण्याने मध्य प्रदेशातल्या गावोगावच्या सकाळी आता व्यापलेल्या आहेत. खेड्यात ती उकिरड्यात पडते, आणि हाच सर्व विषयाचा गाभा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धीवर स्वतंत्र अध्याय आहे; या मुलखात ग्रामगीता घरोघर वाचली जाते. परंतु ती लिहिली गेली त्या काळी घरातून बाहेर पडणारी प्रत्येक वस्तू, मग ते शेण असो, राख असो, भाजीची देठे असोत की फाटके सुती फडके, कालांतराने मातीत मिसळून खत होणारी होती. उकिरडा म्हणजे घाण साठविण्याची जागा नव्हती, ती पुढच्या हंगामाची शिल्लक होती. पन्नीने ती शिल्लक बाटविली. आता उन्हाळ्यात उकिरडा फोडून खत ट्रॉलीत भरताना फावड्याच्या प्रत्येक घासाबरोबर शॅम्पूच्या पुड्या, गुटख्याची पाकिटे, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे आणि मधूनच त्या निळ्या मुखपट्टीचा रबरी कानपट्टा बाहेर येतो. हाताने वेचून जेवढे निघते तेवढे निघते, उरलेले शेतात पसरते, वखराने चिरले जाते, उन्हाने ठिसूळ होते आणि कणाकणांनी मातीत उतरते. जगाची शेती दरवर्षी सुमारे सव्वा कोटी टन प्लास्टिक वापरते, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2021 च्या अहवालात सांगितले आणि मातीतील प्लास्टिकचा प्रश्न समुद्रातल्याहून लहान समजू नये, असा इशारा दिला. समुद्रातले प्लास्टिक छायाचित्रात दिसते. कपाशीच्या तासातले दिसत नाही.

जनावरे उकिरड्यावर चरतात आणि उष्ट्या अन्नाच्या वासाने पन्नीही गिळतात. ती रवंथाच्या पोटात अडकून राहते, पुढे जात नाही, आणि जनावर खाणे सोडते. ज्या प्रदेशात पोळ्याच्या दिवशी बैलाची पूजा होते, खांदेमळणी होते, तेथे ही गोष्ट विशेष लाजिरवाणी आहे. पोळ्याच्याच बाजारात दुसरे एक स्थित्यंतर पाहावयास मिळते. अंबाडीच्या आणि सुताच्या दोरांचे दिवस गेले. येसण, कासरा, दावे ही सर्व आता रंगीबेरंगी नायलॉनची असतात. ती टिकतात, भिजून कुजत नाहीत, स्वस्त पडतात. बैलाच्या नाकाला ती काचतात, हे मात्र बैल सांगू शकत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या पहिल्या तिथीला, पांढुर्ण्यात गोटमार भरते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि एका काठावर पांढुर्णा व दुसऱ्या काठावर सावरगाव असे दोन्हीकडचे लोक तो झेंडा मिळविण्यासाठी एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. माणसे दरवर्षी जखमी होतात, काही वर्षी दगावलीही आहेत, आणि या प्रथेचे समर्थन मी करणार नाही. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले. लोकांनी ते नाकारून पुन्हा दगडच उचलले. ज्या गावाने सरकारने फुकट दिलेला चेंडू परंपरेसाठी फेकून दिला, त्याच गावाने कायद्याने वर्ज्य केलेली पन्नी मात्र विनातक्रार हाती धरली. रबरी चेंडूच्या बाबतीत जो हट्ट दिसला त्याचा शतांश पन्नीच्या बाबतीत दिसता तर!

त्या पळसाचेच दुसरे रूप म्हणजे पत्रावळ. पळसाची पाने काडीने टोचून केलेली पत्रावळ आणि द्रोण यांवर या भागातील लग्ने, तेरव्या आणि भंडारे पिढ्यान् पिढ्या उरकले; जेवण झाले की पत्रावळ गुरांपुढे किंवा उकिरड्यात, आणि पुढच्या वर्षी शेतात. साथीच्या काळात ती मागे पडली याचेही कारण तेच सोवळे: रानातले पान कोणाकोणाच्या हातातून आलेले असेल, आणि थर्माकोलचे ताट मात्र पन्नीच्या गठ्ठ्यात बांधलेले. आज थर्माकोलच्या ताटावर बंदी आहे आणि त्याची जागा चकचकीत लेप दिलेल्या कागदी ताटाने घेतली आहे, जे पुन्हा चहाच्या कपाचेच थोरले भावंड. पळसाची झाडे अजून बांधावर उभी आहेत. कमी झाली आहेत ती पत्रावळ टाचणारी बोटे, कारण त्या कामाला मिळणारा दाम इतका तुटपुंजा आहे की सुज्ञ माणसाने ते काम सोडावे हेच बरोबर. पत्रावळीचे गोडवे गाणाऱ्यांनी तिला थर्माकोलपेक्षा दोन रुपये जास्त देण्याची तयारी ठेवावी; नुसते गोडवे पुरेसे झाले.

जाम नदी पुढे कन्हानला मिळते. कन्हानचे पाणी शुद्ध करून नागपूर पिते. कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावांच्या नाल्यांत जे पडेल त्याला एवढा लांबचा प्रवास मोकळा आहे. आपल्या गावाला समुद्र नाही, तेव्हा समुद्रातील प्लास्टिकशी आपला काय संबंध, असे येथे पुष्कळांना वाटते. पहिल्या पावसाच्या लोंढ्यानंतर पुलाच्या खांबांना काय काय अडकले आहे ते पाहिले म्हणजे हा संबंध समजावून सांगावा लागत नाही.

उपाय नाहीत असे मुळीच नाही, आणि ते दूरदेशीहून आणावे लागत नाहीत. छत्तीसगडच्या अंबिकापूर नगरपालिक निगमने 2019 मध्ये एक किलो प्लास्टिक आणून देणाऱ्यास पोटभर जेवण देणारे उपाहारगृह काढले. म्हणजे कबाड्याच्या तराजूत ज्या पन्नीला भाव नव्हता तिला तेथे भाव मिळाला. इंदूरने 2017 पासून सलग अनेक वर्षे स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक टिकविला तो झाडूच्या बळावर नव्हे, तर ओला आणि सुका कचरा घरातूनच वेगळा घेण्याचा नियम निष्ठुरपणे राबवून. पांढुर्णा जिल्हा नवा आहे, त्याचे दप्तर नवे आहे, आणि जुन्या जिल्ह्यांच्या अंगी मुरलेला आळस त्याने अजून आत्मसात केला नसेल, अशी आशा करण्यास हरकत नाही. पण माझा भर सरकारी योजनेवर नाही. पूर्वी खेड्यांत लग्नाची मोठी भांडी समाजाच्या किंवा देवळाच्या मालकीची असत. पातेल्याच्या काठावर देणाऱ्याचे नाव ठोकलेले असे, ती मोजून नेत आणि घासून मोजून परत करीत. स्टीलची दोनशे ताटे, दोनशे गिलास आणि चार मोठ्या घमेल्यांत ती धुण्याची सोय एवढे एखाद्या भजनी मंडळाने किंवा महिला बचतगटाने पदरी बाळगले, धुणाऱ्या बायांना त्या कामाची चोख मजुरी दिली, तर गावातल्या कार्यांतून एकवापरी ताटे हद्दपार करण्यास दुसरा कायदा नको. धुणे हे हलके काम मानून आपण ते फुकटात करून घेत आलो, आणि फुकट काम करणारे हात मिळेनासे झाले तेव्हा फेकून देण्याला स्वच्छता म्हणू लागलो. महासाथीने फक्त त्या निमित्तावर शिक्का मारला.

बगीचेवाल्यांना एक विनंती करावीशी वाटते, आणि ती खर्चाची नाही. खताच्या रिकाम्या चुंगड्या प्रत्येकाच्या गोठ्यात पडलेल्या असतात. त्यांपैकी एक घराच्या मागील दाराशी खुंटीला टांगावी आणि घरातील प्रत्येक पन्नी, पुडी व पाकीट तीत टाकावे; दुसरी बगीच्याच्या झोपडीत टांगावी आणि औषधाच्या बाटल्या पंपाच्याच पाण्याने तीनदा विसळून, ते पाणी पुन्हा पंपातच ओतून, बुडाला भोक पाडून तीत ठेवाव्यात, म्हणजे त्या बाटलीत कोणी घासलेट किंवा पिण्याचे पाणी भरणार नाही. या दोन्ही चुंगड्या पेटवू नयेत, त्या धुरात विष असते. भरल्या की कचरागाडीकडे किंवा कबाड्याकडे द्याव्यात. येत्या उन्हाळ्यात उकिरडा फोडण्यापूर्वी एवढे केले, तर आंबियाच्या झाडांना जे खत पडेल ते निदान खत असेल.